पर्यावरण परवान्याचे बदललेले कायदे आणि खानदेशातले उद्योग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या छोट्या कारखानदारांचे कन्सेंटचे अर्ज भरून देणं, नोटिशींना उत्तरं लिहिणं हे माझं रोजचं काम. २०२३ पासून या कायद्यांत इतके बदल झाले की एकच प्रश्न दिवसातून तीनदा येतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांचेही काही आहेत, कारण कायदा त्यांच्यासाठीही आहे.

१. आमच्याकडे उद्यम नोंदणी आहे, ग्रामपंचायतीचा दाखला आहे, जीएसटी आहे. मग ही 'कन्सेंट' वेगळी कशाला?

उद्यम नोंदणी तुमचा उद्योग किती मोठा आहे ते सांगते, ग्रामपंचायतीचा दाखला जागेपुरता असतो. तुमच्या कारखान्यातून सांडपाणी किती निघणार, धूर-धूळ किती उडणार आणि ते कसं आवरणार, याचा हिशेब यांपैकी कुठल्याच कागदात नाही. तो हिशेब महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मागतं. पाण्यासाठी जल कायदा १९७४ चं कलम २५ आणि हवेसाठी हवा कायदा १९८१ चं कलम २१, या दोन्हींखाली मिळून जो कागद मिळतो त्यालाच आपण कन्सेंट म्हणतो, मराठीत संमतीपत्र.

हे बंधन नवीन नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता, ७ सप्टेंबर १९७० ला मंडळ उभं राहिलं, आणि केंद्राचा १९७४ चा कायदा राज्यात १ जून १९८१ पासून लागू झाला. "आमच्या वडिलांनी कधी घेतली नाही" असं मला अजूनही ऐकायला मिळतं. वडिलांच्या काळातही ती लागतच होती.

एमआयडीसीत प्लॉट असला तरी कन्सेंट लागते. जळगाव, अवधान, नरडाणा, कुठलीही वसाहत असो, प्लॉटचा करार वेगळा आणि मंडळाची संमती वेगळी.

२. सी-टू-ई, सी-टू-ओ, ईसी... यातलं आम्हाला नेमकं काय लागतं?

सी-टू-ई म्हणजे उभारणीची संमती. पाया खोदण्याआधी घ्यायची. सी-टू-ओ म्हणजे चालवण्याची संमती. यंत्रं बसल्यावर, उत्पादन सुरू करण्याआधी. या दोन्ही मंडळाकडून मिळतात. खानदेशातल्या बहुतेक उद्योगांचं काम एवढ्यावर भागतं.

ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी हे निराळं प्रकरण. ती १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेखाली लागते, आणि तीही त्या यादीतल्या प्रकल्पांनाच. उदाहरणार्थ, रोज ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारा साखर कारखाना, औष्णिक वीज प्रकल्प, २०,००० चौरस मीटरपासून पुढचं बांधकाम, दगड-मुरुमाच्या खाणी. डाळ मिल, जिनिंग, चटई कारखाना यांना ईसी लागत नाही. तरीही "ईसी काढून देतो" म्हणून पैसे घेणारी माणसं फिरत असतात. पैसे देण्याआधी अधिसूचनेतला तुमच्या उद्योगाचा अनुक्रमांक दाखवायला सांगा.

३. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा हे रंग कोण ठरवतं? आणि आता निळा कुठून आला?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरवतं. प्रत्येक प्रकारच्या उद्योगाला पाणी, हवा आणि घातक कचरा यांवरून शंभरपैकी गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितका उद्योग प्रदूषक. २०१६ च्या वर्गवारीत ६० आणि त्यापुढे लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा आणि २० पर्यंत पांढरा असं होतं. २०२५ मध्ये मोजणी नव्याने झाली आणि रेषा सरकल्या: ८० आणि त्यापुढे लाल, ५५ ते ८० नारिंगी, २५ ते ५५ हिरवा, २५ च्या आत पांढरा. कचरा आणि सांडपाणी निस्तरणाऱ्या अत्यावश्यक कामांसाठी निळा वर्ग नवीन आला आणि त्यांना संमतीची मुदत दोन वर्षं जास्त ठेवली गेली.

खानदेशापुरतं बोलायचं तर २०१६ च्या यादीत साखर कारखाना आणि आसवनी (डिस्टिलरी) लाल. खडी क्रशर, डांबर मिक्स प्लँट, मातीची वीटभट्टी नारिंगी. डाळ मिल, पिठाची गिरणी, तेलघाणी, केळीसाठी वापरतात तसं शीतगृह आणि फ्लाय अ‍ॅशच्या (वीज केंद्रातल्या राखेच्या) विटा हिरव्यात. मिरची कांडपात गंमत मोटरची आहे. २० अश्वशक्तीपर्यंत हिरवा, त्यापुढे नारिंगी. नंदुरबारला एकाच गल्लीत दोन कांडप यंत्रं वेगवेगळ्या रंगांत पाहिली आहेत, फरक फक्त मोटरच्या पाटीवरच्या आकड्याचा.

जुन्या यादीवर विसंबून अर्ज भरू नका. २०२५ ची यादी समोर ठेवा, तुमच्या उद्योगाचं वर्णन त्यात शब्दशः शोधा, आणि अर्जात तेच शब्द वापरा.

४. पांढऱ्या वर्गाला आता काहीच लागत नाही म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून पांढऱ्या वर्गातल्या उद्योगांना संमती घेण्यातून सूट दिली. त्याआधीही त्यांना फक्त मंडळाला कळवायचं असे, आता त्याला कायद्याचा आधार मिळाला. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या, सौर प्रकल्प, कूलरची जोडणी, रंगवणं-धुणं नसलेलं होजिअरीचं काम हे २०१६ पासून पांढऱ्यातच आहेत.

लोक दोन गोष्टी विसरतात. पहिली, मंडळाला लेखी कळवणं सुटलेलं नाही. कळवल्याची पोच जपून ठेवा. बँक आणि वीज कंपनी तीच मागतात. दुसरी, सूट संमतीपासून आहे, कायद्यापासून नाही. कूलर जोडणाऱ्याने शेजारी पत्रा रंगवण्याचं बूथ टाकलं की तो पांढऱ्यातून बाहेर पडतो. आणि पांढऱ्यातल्या उद्योगाने नाल्यात काही सोडलं तर कारवाई होतेच.

५. आमची डाळ मिल हिरव्या वर्गात आहे. शेजाऱ्यांनी धुळीची तक्रार केली. हिरव्याला इतकं कडक कशाला?

हा प्रश्न मला जळगावातून सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

हिरवा म्हणजे कमी प्रदूषण करणारा. प्रदूषणच न करणारा असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या संमतीपत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर धुळीची मर्यादा आणि ती आवरायची साधनं लिहिलेली असतात, सायक्लोन किंवा बॅग फिल्टर, आणि चिमणीची उंची. ते पान फारसं कोणी वाचत नाही. पहिलं पान फ्रेम करून ऑफिसात टांगतात आणि अटींची पानं कपाटात जातात.

एका मिलचा प्रसंग सांगतो. एप्रिल महिना. मागच्या घराच्या गच्चीवर एका मावशींनी उडदाचे पापड वाळत घातले होते. दुपारी मिल सुरू झाली आणि संध्याकाळी पापड उचलायला गेल्या तेव्हा प्रत्येक पापडावर तुरीच्या सालाची पिवळट भुकटी बसलेली. त्यांनी एक पापड कागदात गुंडाळून तक्रारीसोबत जोडला. मालक म्हणाले, "बॅग फिल्टर आहे ना आमच्याकडे." होता. त्याच्या आठ पिशव्यांपैकी तीन फाटलेल्या होत्या आणि चुनी गोळा करायच्या पोत्याचं तोंड उघडं होतं. संमतीपत्रातली अट तिथेच मोडली होती, रंग कुठलाही असो. पिशव्या बदलल्या, पोत्याला कापडी नळी लावली, आणि धूळ थांबली. खर्च फारसा आला नाही. नोटीस आली नसती तर मात्र ते काम झालं नसतं, हे मालकांनीच मला सांगितलं.

जिनिंगवाल्यांनाही हेच लागू. रुईचे तंतू आणि सरकीची धूळ गाठीच्या प्रेसपर्यंत जाताना कुठे सुटते ते स्वतः उभं राहून बघा. कामगारांच्या भुवयांवर पांढरं साचत असेल तर शेजाऱ्यांकडेही जात असणारच.

६. जळगावच्या चटई कारखान्यांचं काय? प्लास्टिकवर बंदी आली म्हणून आम्ही बंद करायचं का?

नाही. बंदी काही एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आणि पातळ पिशव्यांवर आहे (पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉनची लागते). चटई त्यात येत नाही.

खरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. कोऱ्या दाण्यापासून माल काढणारा २०१६ च्या यादीत हिरव्यात होता आणि भंगार प्लास्टिक धुऊन, वितळवून पुन्हा दाणा करणारा नारिंगीत. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत दोन्ही कामं एकाच छताखाली चालतात आणि अर्ज मात्र फक्त 'चटई विणकाम' असा भरलेला असतो. तपासणीत धुण्याचा हौद दिसला की अर्ज खोटा ठरतो. तो हौद आणि त्यातून निघणारं काळपट, फेसाळ पाणी हाच या धंद्याचा दुखरा भाग आहे. पाणी गाळून पुन्हा हौदात फिरवणारे कारखाने जळगावात आहेत; त्यांना टँकरही कमी लागतात.

शिवाय भंगार प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्यांना २०२२ पासून उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या (प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची सोय बघायची, अशा) नियमांखाली केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीवर मिळणारी प्रमाणपत्रं मोठ्या कंपन्यांना विकता येतात, म्हणजे नियम पाळणाऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात. पण नोंदणीला आधी चालू कन्सेंट लागते. मुदत संपलेली असेल तर हा रस्ताच बंद.

७. आता तुरुंगवास गेला, फक्त दंड राहिला असं ऐकलं. मग घाबरायचं कारण काय?

हे ऐकून लोक निर्धास्त होतात आणि मला काळजी वाटते. नीट वाचा.

जनविश्वास कायदा २०२३ ने बेचाळीस केंद्रीय कायद्यांतल्या छोट्या-मोठ्या शिक्षा बदलल्या. त्यात पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि हवा कायदा हेही होते. हे बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. आता १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे. उल्लंघन चालूच राहिलं तर दर दिवसाचा वेगळा. हा दंड कोर्ट लावत नाही. सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी लावतो. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाकडे ६० दिवसांत अपील करता येतं. दंड भरलाच नाही तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाच्या दुप्पट रक्कम, किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगाची वाट पूर्ण बुजलेली नाही.

आता महत्त्वाचं. जल कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीतही बऱ्याच शिक्षांच्या जागी दंड आला, पण संमतीशिवाय उद्योग उभा करणं आणि चालवणं याची शिक्षा ठेवलेली आहे, सहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पूर्वी कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहणारी प्रकरणं होती, आता अधिकाऱ्यासमोर काही महिन्यांत निकाली निघू शकणारी प्रकरणं आहेत. माझ्या मते लहान उद्योगासाठी दंडाची ही पद्धत जास्त बोचरी आहे. वर्षाला चाळीस लाखांची उलाढाल असलेल्या माणसाला पंधरा लाखांचा दंड म्हणजे कारखान्याची चावीच द्यावी लागेल. मापन यंत्रात छेडछाड केल्याचाही दंड याच पट्ट्यात, १०,००० ते १५ लाख. साखर आणि आसवनीवाल्यांनी हे कामगारांनाही सांगून ठेवावं.

८. जल कायद्याची २०२४ ची दुरुस्ती महाराष्ट्रालाही लागू का?

पाणी हा राज्यांचा विषय. त्यामुळे हा कायदा राज्यघटनेच्या कलम २५२ खाली झालेला आहे. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली त्यांच्यापुरता तो आधी होतो, इतर राज्यांना ठराव करून तो स्वीकारावा लागतो. ही दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी झाली. म्हणून नोटीस आली की आधी दोन गोष्टी बघा: ती कोणत्या कलमाखाली आहे आणि ज्या दिवसाच्या उल्लंघनाबद्दल आहे त्या दिवशी राज्यात कायद्याचं कोणतं रूप चालू होतं. हवा कायदा संसदेने देशभरासाठी केलेला आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. एकाच नोटिशीत दोन्ही कायदे असतील तर उत्तरही दोन भागांत द्या. हे वकिलाला सांगायला संकोचू नका. भल्याभल्यांचं इथे चुकतं.

९. दंड भरला की विषय संपला ना?

नाही. दंड ही शिक्षा आहे, नुकसानभरपाई वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ रोजी स्पष्ट केलं की जल कायद्याच्या कलम ३३अ आणि हवा कायद्याच्या कलम ३१अ खाली प्रदूषण मंडळांना नुकसानभरपाई म्हणून ठरावीक रक्कम वसूल करण्याचा किंवा बँक हमी मागण्याचा अधिकार आहे. मात्र ती मनमानीने नाही, नियम करून आणि तुमचं म्हणणं ऐकून. याच कलमांखाली मंडळ वीज आणि पाणी तोडण्याचाही आदेश देऊ शकतं. छोट्या उद्योगाला सगळ्यात आधी भिडतं ते हेच. मीटर काढून नेल्यावर रुईच्या गाठी पावसात भिजताना मी पाहिल्या आहेत.

१०. अर्ज करून चार महिने झाले, उत्तर नाही. आता कन्सेंट आपोआप मिळाली असं धरायचं का?

पाण्यापुरतं हो, हवेपुरतं नाही. जल कायद्याच्या कलम २५(७) मध्ये लिहिलंय की सर्व बाजूंनी पूर्ण अर्जावर चार महिन्यांत मंडळाने नकार दिला नाही तर संमती दिली असं समजायचं. 'सर्व बाजूंनी पूर्ण' या शब्दांवर सगळा खेळ आहे. तीन महिन्यांनी मंडळाने एक कागद मागवला असेल तर अर्ज पूर्ण नव्हता असंच म्हटलं जातं. हवा कायद्याच्या कलम २१(४) मध्येही चार महिन्यांची मुदत आहे, पण आपोआप संमती मिळण्याची तरतूद नाही. बॉयलर, चिमणी किंवा धूळ असलेल्या उद्योगाने चार महिन्यांच्या भरवशावर यंत्रं सुरू करू नयेत. नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं, जल कायद्यात कलम २८ आणि हवा कायद्यात कलम ३१ खाली.

११. नूतनीकरण कधी करायचं? आणि फी दरवेळी वाढते कशी?

२०१६ पासून लाल उद्योगाला पाच, नारिंगीला दहा आणि हिरव्याला पंधरा वर्षांपर्यंत, असा साचा रुळला. तुमच्यासाठी मात्र तुमच्या कागदावर छापलेली तारीखच खरी. त्या आधी चार महिने अर्ज करा (कारण प्रश्न १० मध्ये).

फी भांडवली गुंतवणुकीवर आहे. गुंतवणूक मोजताना घसारा वजा करायचा नाही. जमीन, इमारत, यंत्रं यांची मूळ किंमत धरायची. सीएकडून प्रमाणपत्र घेताना हे त्यांना स्पष्ट सांगा. ताळेबंदातला घटलेला आकडा लिहिलेला दाखला जोडला की मंडळाकडून फरकाची मागणी येते आणि अर्ज लटकतो. मशीन जुनं झालं तरी तुमच्या फीच्या हिशेबात ते नवंच राहतं, हे अनेकांना पटत नाही. पण नियम तसा आहे.

दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म पाच, भरायला विसरू नका. वापरलेलं तेल, रंगाचे डबे असं काही निघत असेल तर घातक कचऱ्याचं विवरण ३० जूनपर्यंत. २९ ऑगस्ट २०२५ ला पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम आले आहेत, त्यात नोंदणीकृत लेखापरीक्षक तुमचे कागद तपासतील. ज्यांची विवरणं वेळेवर आहेत त्यांना त्याचा त्रास होणार नाही.

१२. आमचा प्रकल्प ईसी न घेताच सुरू झाला होता. आता मागाहून मिळेल का?

हा प्रश्न मुख्यतः साखर, खाण आणि मोठ्या बांधकामवाल्यांचा. १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने अशा प्रकल्पांना एकदाच खिडकी उघडून दिली, मग ७ जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने कार्यपद्धती ठरवली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने हे दोन्ही रद्द केले: मंजुरी आधीच घ्यायची असते, मागाहून नाही. सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबर २०२५ ला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. न्या. भुयान यांनी विरोधी मत दिलं. प्रकरण नव्याने ऐकायला गेलं.

म्हणून मागाहून मंजुरीच्या आशेवर आज नवं बांधकाम सुरू करणं म्हणजे कर्जाच्या पैशाने जुगार. एका अधिसूचनेने दार उघडलं, एका निकालाने बंद केलं, दुसऱ्या निकालाने पुन्हा किलकिलं केलं, आणि दरम्यान बँकेचं व्याज चालूच राहतं. जे आधीच सुरू आहेत त्यांनी आपल्या प्रकरणाची तारीख आणि टप्पा वकिलाकडून लेखी घ्यावा.

१३. ईसी असेल तर सी-टू-ई लागत नाही असं म्हणतात?

प्रश्न ४ मधल्या नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनांमध्येच हे आहे. ज्या प्रकल्पाला ईसी मिळाली त्याला उभारणीची वेगळी संमती लागत नाही, कारण मंडळाचं म्हणणं ईसीच्या वेळीच घेतलं जातं. सी-टू-ओ मात्र लागतेच, आणि उभारणीच्या संमतीची फी सुटली असं समजू नका.

१४. आमची जागा मध्य प्रदेशच्या, गुजरातच्या हद्दीजवळ आहे. काही फरक पडतो का?

ईसी लागणाऱ्या प्रकल्पाला पडतो. २००६ च्या अधिसूचनेत 'सर्वसाधारण अट' आहे: राज्यांच्या हद्दीपासून, अभयारण्यापासून किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रापासून ५ किलोमीटरच्या आत असलेला, एरवी राज्यस्तरावर मंजूर होणारा प्रकल्प मंजुरीसाठी केंद्राकडे जातो. आधी हे अंतर १० किलोमीटर होतं, २०१४ मध्ये निम्मं झालं. खानदेशाच्या बाबतीत हे कागदावरचं नाही. रावेरहून बऱ्हाणपूर दूर नाही, शिरपूरच्या वर पळासनेर ओलांडलं की सेंधवा, आणि नवापूरचं रेल्वे स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सातपुड्याच्या बाजूने यावल अभयारण्य आणि अनेर धरणाचं अभयारण्य, चाळीसगावकडे गौताळा. जागा घेण्याआधी नकाशावर कंपास ठेवून ५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

डाळ मिल किंवा चटईसारख्या फक्त कन्सेंट लागणाऱ्या उद्योगाला ही अट लागत नाही. पण संवेदनशील क्षेत्राची स्वतःची अधिसूचना असते, तिच्यातल्या बंदीच्या यादीत तुमचा उद्योग आहे का ते पाहा.

१५. वीटभट्टीला इतके नियम कधीपासून?

२२ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून. भट्टी झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टची हवी, नाहीतर पाइपगॅसवरची. धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला २५० मिलिग्रॅम. वस्ती आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर, दुसऱ्या भट्टीपासून किमान एक किलोमीटर. हवेची प्रत ठरलेल्या मानकापेक्षा वाईट असलेल्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांना बदलायला एकच वर्ष दिलं होतं, बाकीच्यांना दोन. जळगाव त्या शहरांच्या यादीत आहे, त्यामुळे जळगावच्या आसपासच्या भट्ट्यांना कमी वेळ मिळाला.

फळबागांचा शब्द केळीच्या पट्ट्यात फार महत्त्वाचा. रावेर-यावलमध्ये ८०० मीटरवर केळी नाही अशी जागा शोधून दाखवा! म्हणून मी दीपनगरच्या वीज केंद्राच्या परिसरातल्या भट्टीवाल्यांना फ्लाय अ‍ॅशच्या विटांकडे वळायला सांगतो. राख जवळ, वर्ग हिरवा, माती खणायची नाही.

१६. नदीपासून किती अंतर ठेवायचं? तापी-गिरणाकाठी जागा स्वस्त मिळते.

राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झालं. म्हणून ठरावीक अंतराची जुनी अट आता नाही. पण पूररेषा आहे, संमतीपत्रातल्या अटी आहेत, आणि सांडपाणी नदीत सोडण्यावरची बंधनं तशीच आहेत. गिरणा आणि पांझरा वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात. कोरड्या पात्रात सोडलेलं पाणी वाहून जात नाही, तिथेच मुरतं आणि काठच्या विहिरीत उतरतं. स्वस्त जागेचा हिशेब करताना त्या विहिरी कोणाच्या आहेत ते विचारा.

१७. बोअरचं पाणी वापरतो. त्यालाही परवानगी?

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रोज १० घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म-लघू उद्योगांना ना-हरकत लागत नाही. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरच्या आत. त्यापुढे लागते. मीटर बसवा, नाहीतर तुमचा आकडा कोणी मानणार नाही.

१८. नवापूरकडे पोल्ट्री आहे, शेतीच समजतात ना?

प्रदूषणाच्या हिशेबात नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ५,००० पक्ष्यांपासूनच्या पोल्ट्रीला संमतीच्या चौकटीत आणलं. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच आढळला होता. मेलेले पक्षी आणि खत कसं निस्तरता याची वही तिथल्या प्रत्येक शेडवर हवी.

१९. आम्ही कारखान्याशेजारी राहतो. आमचं कोण ऐकतं?

कन्सेंटच्या उद्योगांबद्दल तक्रार मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे किंवा नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाकडे द्या. लेखी, तारीख-वेळेसह, शक्य असेल तर फोटो जोडून. "खूप धूळ येते" याने काम होत नाही. "१२ तारखेला दुपारी दोन ते चार, पश्चिमेच्या चिमणीतून" असं लिहा. प्रश्न ५ मधल्या मावशींचा पापड म्हणूनच कामी आला.

ईसीच्या प्रकल्पांना बहुतेक वेळा जनसुनावणी लागते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी तिचं अध्यक्षपद सांभाळतो, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. गणपूर्तीची अट नाही. दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच नोंदवलं जातं. म्हणून जा. बोललेलं इतिवृत्तात आलं का, ते शेवटी वाचून दाखवतात तेव्हा ऐका आणि चुकलं असेल तर तिथेच दुरुस्ती मागा.

मंडळाने ऐकलं नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, भरपाईसाठी पाच वर्षांत. कागद जुने होऊ देऊ नका. सुनावणीची सूचना, तक्रारीची पोच, विहिरीच्या पाण्याच्या तपासणीची पावती, सगळं एका फायलीत, तारखेच्या क्रमाने लावून ठेवा.